निधी वाढला, तरी तूट: अमेरिकेतल्या मोठ्या खासगी विद्यापीठाचा जमाखर्च कसा वाचायचा

ऑक्टोबर 2025 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचा वार्षिक आर्थिक अहवाल प्रसिद्ध झाला. 30 जून 2025 ला संपलेल्या वर्षात विद्यापीठाचं उत्पन्न 6.7 अब्ज डॉलर होतं आणि खर्च 6.8 अब्ज. तूट 11.3 कोटी डॉलरची. कोविडच्या 2020 सालानंतरची ही पहिलीच तूट. याच अहवालात दुसरा एक आकडा होता. विद्यापीठाचा एन्डोमेंट, म्हणजे देणग्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या साठत आलेला कायम निधी, त्याच वर्षात 53.2 अब्ज डॉलरवरून 56.9 अब्जांवर गेला होता.

निधी पावणेचार अब्जांच्या आसपास वाढला आणि तरी वर्षाचा खर्च भागला नाही. हे वाचून लोकांचे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, एवढा पैसा असताना तूट दाखवता कशी? दुसरा म्हणतो, आता या विद्यापीठाचं काही खरं नाही. मला दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात. अशा विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत कर्करोगापासून पुंजभौतिकीपर्यंतचं काम चालतं, आणि ते काम टिकणार की थांबणार हे या हिशेबावर ठरतं. त्यामुळे हा हिशेब नीट वाचता यायला हवा. एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरेल की एकूण पैसा किती आहे, याहून तो कशाला बांधलेला आहे आणि तो हाती कधी येणार आहे, हे प्रश्न महत्त्वाचे असतात.

पैसा येतो कुठून

समजून घ्यायला 2024 चं वर्ष बरं, कारण त्या वर्षी फार उलथापालथ नव्हती. हार्वर्डचं उत्पन्न तेव्हा 6.5 अब्ज डॉलर होतं आणि वर्षाअखेर साडेचार कोटी डॉलर शिल्लक राहिले. उत्पन्नातला सर्वांत मोठा वाटा, 37 टक्के, कायम निधीतून काढलेल्या रकमेचा होता. विद्यार्थ्यांकडून 21 टक्के, संशोधनाच्या अनुदानांतून 16 टक्के, त्याच वर्षी खर्च करता येतील अशा देणग्यांतून 8 टक्के आणि बाकीचं भाडी, प्रकाशनं, परवाने वगैरेंतून. खर्चाची बाजू त्यामानाने सरळ आहे. जवळपास निम्मा पैसा पगार आणि कर्मचाऱ्यांच्या लाभांवर जातो.

यातला विद्यार्थ्यांचा आकडा जरा फसवा असतो. 2024-25 मध्ये हार्वर्डच्या पदवी अभ्यासक्रमाचं जाहीर शिक्षणशुल्क 56,550 डॉलर होतं आणि राहणं-जेवण धरून वर्षाचा खर्च 82,866 डॉलर. पण बऱ्याच कुटुंबांना विद्यापीठ त्यातला मोठा भाग माफ करतं. हिशेबात ही माफी खर्च म्हणून दिसत नाही. ती शुल्कातून आधीच वजा होते आणि उरलेली निव्वळ रक्कम उत्पन्नाला लागते. म्हणून शुल्कवाढीची बातमी आली की विद्यापीठाचं उत्पन्न तेवढंच वाढलं, असं समजायचं कारण नाही. शिष्यवृत्त्या शुल्काहून वेगाने वाढल्या, तर शुल्क वाढूनही निव्वळ उत्पन्न जागच्या जागी राहतं.

निधी आपला, पण मोकळा नाही

आता कायम निधीकडे वळू, कारण सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. 56.9 अब्ज म्हटलं की डोळ्यांसमोर एकच मोठी तिजोरी उभी राहते. प्रत्यक्षात ती 14 हजारांहून जास्त वेगवेगळ्या थैल्यांची कोठी आहे आणि बहुतेक थैल्यांना दात्याची चिठ्ठी बांधलेली आहे. कुणी एखाद्या प्राध्यापकाचं पद कायमचं चालावं म्हणून पैसे दिलेले असतात, कुणी ग्रंथालयासाठी, कुणी एकाच आजारावरच्या संशोधनासाठी. मूळ रक्कम जपायची आणि उत्पन्न ठरलेल्या कामालाच वापरायचं, ही अट कायद्याने पाळावी लागते. अमेरिकेत हिशेब मांडताना निव्वळ मालमत्तेचे दोनच वर्ग करतात: दात्याची अट असलेली आणि अट नसलेली. कोणत्याही विद्यापीठाच्या ताळेबंदात मी सर्वांत आधी हीच दोन ओळींची फोड बघतो. हार्वर्डमध्ये दरवर्षी निधीतून वाटल्या जाणाऱ्या रकमेचाही दोनतृतीयांशांहून जास्त भाग अटींनी बांधलेला असतो. संस्कृत अध्यापनासाठी आलेल्या पैशातून बंद पडलेली जीवशास्त्राची प्रयोगशाळा चालवता येत नाही.

शिवाय हा निधी विद्यापीठाच्या वेगवेगळ्या शाखांमध्ये विभागलेला आहे. हार्वर्डमध्ये प्रत्येक शाखेने आपला खर्च आपल्या उत्पन्नातून भागवायचा, अशी जुनी रीत आहे. धर्मशास्त्राची शाखा बहुतांशी कायम निधीच्या उत्पन्नावर चालते. सार्वजनिक आरोग्याची शाखा मुख्यतः संशोधन अनुदानांवर चालते. म्हणून 2025 च्या वसंतात केंद्र सरकारची अनुदानं अडकली, तेव्हा सार्वजनिक आरोग्याच्या शाखेत लगेच कर्मचारी कपात झाली, तर दुसऱ्या काही शाखांना तेवढी झळ लागली नाही. साऱ्या विद्यापीठाची सरासरी पाहून हे कळत नाही.

बरं, अटीतला का होईना, पण निधीतून दरवर्षी नेमकं किती काढायचं? यासाठी विद्यापीठं स्वतःला एक नियम घालून घेतात. साधारणपणे निधीच्या बाजारमूल्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास रक्कम काढली जाते. पण बाजार एका वर्षी चढतो, दुसऱ्या वर्षी पडतो. पगार आणि शिष्यवृत्त्या तशा वर-खाली करता येत नाहीत. म्हणून हे झोके मऊ करण्याची सोय नियमातच असते. येल विद्यापीठाचं सूत्र यासाठी प्रसिद्ध आहे: गेल्या वर्षी काढलेल्या रकमेला 80 टक्के वजन आणि निधीच्या बाजारमूल्याच्या ठरावीक टक्क्याला, म्हणजे 5.25 टक्क्यांना, 20 टक्के वजन.

हे आकड्यांत घालून बघू. समजा, निधी 10 अब्ज डॉलर होता आणि गेल्या वर्षी त्यातून 50 कोटी काढले. यंदा बाजार कोसळून निधी साडेसात अब्जांवर आला, म्हणजे 25 टक्के घट. महागाईची भर आणि मूल्य कोणत्या तारखेचं धरायचं हे तपशील बाजूला ठेवू. 50 कोटींचे 80 टक्के म्हणजे 40 कोटी. साडेसात अब्जांचे 5.25 टक्के सुमारे 39.4 कोटी आणि त्याचे 20 टक्के सुमारे 7.9 कोटी. बेरीज 47.9 कोटी. निधी पाव हिश्श्याने घसरला, पण विद्यापीठाला मिळणारी रक्कम जेमतेम चार टक्क्यांनी कमी झाली. याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. निधी वेगाने वाढला तरी त्या वर्षी वाढीव पैसा हाती येत नाही, तो पुढच्या काही वर्षांत थोडाथोडा झिरपतो. 2025 मध्ये हार्वर्डचा परतावा 11.9 टक्के होता, पण निधीतून आलेली रक्कम 2.4 अब्जांवरून 2.5 अब्जांवरच गेली. सुरुवातीच्या विसंगतीचं अर्धं उत्तर या नियमात आहे.

उरलेलं अर्धं उत्तर हिशेबाच्या मांडणीत आहे. निधीवर मिळालेला परतावा आणि त्यातून काढलेली रक्कम, यांतली काढलेली रक्कमच वर्षाच्या उत्पन्न-खर्चात धरतात. बाकीचा नफा किंवा तोटा खालच्या स्वतंत्र ओळीत जातो. वरची ओळ तूट दाखवत असताना एकूण मालमत्ता वाढू शकते, आणि उलटही होऊ शकतं. इथे आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट आहे. ना-नफा संस्थांच्या हिशेबात वर्षाच्या कामकाजाची शिल्लक म्हणजे नेमकं काय, याची एकच सक्तीची व्याख्या अमेरिकी लेखामानकांत नाही. संस्था ती स्वतः ठरवते आणि टिपांमध्ये सांगते. दोन विद्यापीठांची शिल्लक शेजारीशेजारी मांडण्याआधी त्या टिपा वाचल्या नाहीत, तर तुलनेला अर्थ उरत नाही.

अडीअडचणीला निधी मोडता येत नाही का?

2008-09 च्या जागतिक आर्थिक संकटात हार्वर्डने याचं उत्तर फार महाग किंमत मोजून शोधलं. जून 2008 ला निधी 36.9 अब्ज डॉलर होता, वर्षभरात तो 26 अब्जांवर आला. गुंतवणुकीवरचा तोटा 27.3 टक्के होता. पण खरी अडचण वेगळीच होती. विद्यापीठाने रोजच्या खर्चासाठीचा पैसाही बऱ्याच प्रमाणात निधीबरोबर गुंतवून ठेवला होता, त्यामुळे नेमकी गरज पडली तेव्हा तोही घटला. त्यात भर म्हणून चार्ल्स नदीपलीकडे ऑलस्टनमध्ये व्हायच्या मोठ्या बांधकामासाठी पुढे कर्ज काढावं लागणार, या अंदाजाने व्याजदर स्वॅपचे करार, म्हणजे पुढच्या कर्जाचा व्याजदर आजच बांधून ठेवणारे करार, आधीच केलेले होते. व्याजदर चढले असते तर ते करार फायद्याचे ठरले असते. संकटात व्याजदर तळाला गेले आणि करारांपोटी रोख तारण द्यावं लागायला लागलं.

डिसेंबर 2008 मध्ये विद्यापीठाने कर्जरोख्यांतून अडीच अब्ज डॉलर उभे केले आणि त्या करारांतून बाहेर पडायला जवळपास 50 कोटी डॉलर मोजले. ऑलस्टनमधल्या विज्ञान संकुलाचं काम थांबलं. जगातल्या सर्वांत श्रीमंत विद्यापीठावर रोख पैशासाठी कर्ज काढायची वेळ आली होती, हे ज्यांनी वाचलं असेल ते निधीचा नुसता आकडा बघून निर्धास्त होणार नाहीत.

हे असं होतं, कारण मोठ्या विद्यापीठांची गुंतवणूक पटकन विकता येण्याजोगी नसते. ही पद्धत येलच्या डेव्हिड स्वेन्सन यांनी रूढ केली. 1985 मध्ये त्यांनी येलचा निधी हाती घेतला तेव्हा तो सव्वा अब्जाच्या आसपास होता, 2020 मध्ये तो 31 अब्जांवर गेलेला होता. शेअर आणि रोख्यांवर भर न देता त्यांनी खासगी इक्विटी (शेअर बाजारात नसलेल्या कंपन्यांतली मालकी), व्हेंचर भांडवल (नवख्या कंपन्यांतली गुंतवणूक), जंगलं, स्थावर मालमत्ता यांत दीर्घकाळ पैसा गुंतवला. इतर विद्यापीठांनी तेच केलं. 2024 मध्ये हार्वर्डच्या निधीचा 39 टक्के भाग खासगी इक्विटीत होता आणि 32 टक्के हेज फंडांत, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांसाठी गुंतागुंतीचे व्यवहार करणाऱ्या खासगी फंडांत. खासगी इक्विटीतला पैसा अनेक वर्षं अडकून राहतो. घाईने विकायचा तर किमतीत मोठी सूट द्यावी लागते. आणि रोज बाजारभाव नसल्यामुळे त्याचं ताळेबंदातलं मूल्य हा शेवटी फंड चालवणाऱ्यांचा अंदाज असतो. म्हणून अहवालाच्या मागच्या पानांवरची रोखतेची टीप, म्हणजे एका वर्षाच्या आत किती पैसा मोकळा करता येईल हे सांगणारा तक्ता, मला पहिल्या पानावरच्या आकड्याहून जास्त विश्वासाचा वाटतो.

संशोधनाचा पैसा आणि ओव्हरहेडचं भांडण

संशोधनाच्या अनुदानात दोन भाग असतात. एक थेट खर्च: संशोधकाचं मानधन, विद्यार्थी, रसायनं. दुसरा अप्रत्यक्ष खर्च, ज्याला सगळे ओव्हरहेड म्हणतात: इमारत, वीज, घातक कचऱ्याची विल्हेवाट, प्राण्यांवरच्या प्रयोगांची देखरेख, अनुदानाचा हिशेब ठेवणारी माणसं. या दुसऱ्या भागाचा दर प्रत्येक विद्यापीठ केंद्र सरकारशी वाटाघाटी करून ठरवतं. हार्वर्डचा दर 69 टक्के होता.

इथे हमखास घोटाळा होतो. 69 टक्के ऐकून वाटतं की 100 डॉलरच्या अनुदानातले 69 विद्यापीठाने घेतले. तसं नाही. 100 डॉलरच्या थेट खर्चावर आणखी 69 मिळतात, म्हणजे एकूण 169 पैकी 69, साधारण 41 टक्के. तोही फक्त ज्या खर्चावर दर लागू होतो त्यावर. मोठी उपकरणं, विद्यार्थ्यांचं शुल्क यांवर तो लागत नाही, म्हणून प्रत्यक्षातलं प्रमाण आणखी कमी भरतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने म्हणजे एनआयएचने 2023 च्या आर्थिक वर्षात 35 अब्जांहून जास्त अनुदान दिलं, त्यातले सुमारे 9 अब्ज ओव्हरहेडचे होते.

या पैशाबद्दलचा संशय जुना आहे आणि तो निष्कारण नव्हता. 1990-91 मध्ये सरकारी तपासणीत असं निघालं की स्टॅनफर्डच्या ओव्हरहेडच्या हिशेबात एका यॉटचा घसारासुद्धा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमतसुद्धा, लागला होता. अमेरिकी काँग्रेसमध्ये सुनावणी झाली, विद्यापीठाचे अध्यक्ष डोनाल्ड केनेडी यांनी पद सोडायचं जाहीर केलं. 1994 मध्ये प्रकरण तडजोडीने मिटलं आणि फसवणुकीचा दावा सरकारने केला नाही. पण त्या प्रकरणानंतर ओव्हरहेडमधल्या प्रशासकीय भागावर 26 टक्क्यांची मर्यादा आली आणि ती आजही आहे. नियम वाढत गेले, ते पाळण्याचा खर्च वाढला, मर्यादा मात्र तिथेच राहिली. मर्यादेच्या वरचा खर्च विद्यापीठं आपल्या मोकळ्या पैशातून भरतात.

फेब्रुवारी 2025 मध्ये एनआयएचने हा दर सगळ्यांसाठी सरसकट 15 टक्के करायचं जाहीर केलं. न्यायालयाने ते रोखलं. 69 टक्के दराच्या विद्यापीठाला त्याचा अर्थ असा झाला असता: 100 डॉलरच्या पात्र खर्चामागे 69 ऐवजी 15, म्हणजे 54 डॉलर कमी, आणि प्रयोगशाळा तीच, वीज तेवढीच. दर कमी करायला हवेत की नको यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण इमारती बांधून आणि त्यांसाठी कर्ज काढून झाल्यावर एका रात्रीत दर बदलणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. ते हप्ते तीस-तीस वर्षांचे असतात.

हार्वर्डच्या 2025 च्या तुटीकडे परत येऊ. एप्रिल 2025 मध्ये केंद्र सरकारने विद्यापीठाची 2.2 अब्ज डॉलरची अनेक वर्षांची अनुदानं गोठवली, पुढे बहुतेक थेट केंद्रीय अनुदानं रद्द केली. अशी अनुदानं आगाऊ मिळत नाहीत. आधी संशोधन करायचं, खर्च करायचा, मग बिल पाठवून पैसे परत घ्यायचे, अशी पद्धत आहे. त्या वर्षी झालेल्या खर्चाचे 11.6 कोटी डॉलर असे एकदम यायचे थांबले. तूट 11.3 कोटींची होती. सप्टेंबर 2025 मध्ये बोस्टनच्या न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी ती कारवाई बेकायदा ठरवली, पण तोवर हे आर्थिक वर्ष संपून गेलेलं होतं.

तुलना करताना

जॉन्स हॉपकिन्स संशोधनावरच्या खर्चात अमेरिकेत कित्येक वर्षं पहिल्या क्रमांकावर आहे, 2022 मध्ये हा खर्च 3.4 अब्ज डॉलर होता. त्यात संरक्षणविषयक कामं करणारी त्यांची मोठी उपयोजित भौतिकी प्रयोगशाळाही मोजतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या (पेनच्या) उत्पन्नाचा मोठा भाग रुग्णालयांमधून येतो. स्टॅनफर्डच्या एकत्रित हिशेबातही रुग्णालयं असतात. उलट हार्वर्डशी जोडलेली बोस्टनची नामवंत रुग्णालयं हार्वर्डच्या मालकीची नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा. त्यामुळे एकूण उत्पन्नाच्या यादीत पेन हार्वर्डच्या कितीतरी वर दिसतं, पण शिकवणं आणि संशोधन यांच्या आकारमानाबद्दल त्यातून फारसं काही कळत नाही. रुग्णालयाचं उत्पन्न मोठं असतं, नफ्याचं प्रमाण बारीक असतं आणि धोके वेगळे असतात. वर्षही सारखं नसतं: हार्वर्डचं 30 जूनला संपतं, स्टॅनफर्डचं 31 ऑगस्टला.

तूट म्हणजे आजार असंही दरवेळी नसतं. उत्पन्न-खर्चात घसारा असतो, जो त्या वर्षी रोखीने बाहेर जात नाही. एखाद्या वर्षीच्या कारणामुळे आलेली तूट आणि वर्षानुवर्षं खर्च उत्पन्नापुढे पळत असल्यामुळे आलेली तूट, यांत फार फरक आहे. शिकागो विद्यापीठाने 2024 मध्ये 28.8 कोटी डॉलरची तूट दाखवली, आदल्या वर्षीही ती 20 कोटींच्या वर होती. निधी हार्वर्डच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आणि इमारतींसाठी काढलेलं कर्ज मोठं, असं तिथलं चित्र आहे. ही दुसऱ्या जातीची तूट. ती कमी करायला तिथे बहुवार्षिक आराखडा घ्यावा लागला.

पुढच्या अहवालांत काय बघावं

2017 च्या कायद्याने श्रीमंत खासगी विद्यापीठांच्या गुंतवणुकीच्या निव्वळ उत्पन्नावर पहिल्यांदा 1.4 टक्के कर लागला. 4 जुलै 2025 ला सही झालेल्या कायद्याने त्याचे तीन टप्पे केले. दर विद्यार्थ्यामागे 20 लाख डॉलरहून जास्त मालमत्ता असलेल्या विद्यापीठांना 8 टक्के, मधल्यांना 4 आणि खालच्यांना 1.4. हार्वर्ड सर्वांत वरच्या टप्प्यात मोडतं आणि त्याच्या अंदाजाप्रमाणे हा बोजा वर्षाला सुमारे 30 कोटी डॉलर आहे, 2025 च्या तुटीच्या अडीचपटीहून जास्त.

जुलै ते जून वर्ष धरणाऱ्या विद्यापीठांना नवा दर 1 जुलै 2026 पासून लागू होतो, म्हणजे त्याचा पूर्ण वर्षाचा परिणाम 2027 च्या अहवालात येईल. तेव्हा हा कर कोणत्या ओळीत लिहिला आहे हे आवर्जून बघावं. तो वर्षाच्या खर्चात धरला, तर तूट लगेच दिसेल. गुंतवणुकीच्या परताव्यातून आधीच वजा केला, तर वरची ओळ तशीच स्वच्छ राहील आणि निधी थोडा कमी वाढलेला दिसेल. मग 80-20 सारखं सूत्र आपलं काम करेल: पहिल्या वर्षी जाणवेल न जाणवेल इतका फरक, आणि पुढची पाच-सात वर्षं प्रत्येक शाखेकडे जाणाऱ्या रकमेत थोडी थोडी घट.